जमिनीतून येणारा ठेका

फुगा फुटला तेव्हा सगळेच दचकले. चपलांच्या दुकानदाराने बाबागाडीच्या दांडीला बांधून दिलेला तो लाल फुगा सारी वाट डोक्यावर डुलत आला होता. इराइदा एकशे अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रेकॉर्डच्या दुकानापुढे थांबली होती आणि काचेमागच्या जाहिरातीकडे पाहत होती. लिसांद्रो किरोस आणि चागो बेनाबे, दोन बँडचे म्होरके, दोघांचे चेहरे एकाच कागदावर, पण एकमेकांकडे न बघणारे. खाली मोठ्या अक्षरांत ‘लवकरच’. तेवढ्यात वाऱ्याने फुगा दुकानाच्या छपराखालच्या गंजक्या सळईला टेकवला आणि धाडकन आवाज झाला. फुटपाथवर डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्या हातातली सोंगटी उडाली, भाजीवाल्या बाईने “देवा रे, गोळी!” म्हणून छातीवर हात मारला, कबुतरांचा थवा समोरच्या गच्चीवरून भर्रकन उठला. इराइदाने बाबागाडीच्या टपाखाली वाकून पाहिलं. अकरा महिन्यांचा नोएल हातातल्या ओल्या बिस्किटाकडे एकटक बघत बसला होता. बिस्किटाचा मऊ पडलेला कोपरा आता गळणार की मग, एवढीच त्याला काळजी होती.

“बघा, बघा!” डॉन चेओ सोंगट्या तशाच टाकून उठला. “पापणीसुद्धा लवली नाही. अन्सेल्मोचा नातू म्हणतात तो हा.”

“कोंग्याच्या बुडाशी वाढलंय पोर,” दुसरा म्हणाला. “फुग्याला काय भीक घालतंय!”

“तुझं काय पण, चेओ? आधी स्वतःची विजार बघ.”

सगळे हसले. इराइदाही हसली. ते हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून तिने गाडी वळवली. दोन चौक ओलांडले तरी ते तिथेच होतं, कुणीतरी धरायला दिलेली आणि परत न्यायला विसरलेली वस्तू असावी तसं. सप्टेंबरचं ऊन, डांबराचा वास, नळावर भिजणारी पोरं, यातलं काहीच तिच्यापर्यंत नीट येत नव्हतं. ती मनातल्या मनात तो आवाज पुन्हा पुन्हा फोडत होती आणि दर वेळी नोएलकडे पाहत होती. दर वेळी नोएल बिस्किटाकडेच बघत होता.

तिच्याकडे वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं, बाळाने कोणत्या महिन्यात काय करावं याचं. चौथ्या महिन्यात बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवतं. त्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने बारीक खूण केली होती. खूण केल्याचं तिला आठवत होतं. पण काय पाहून केली, ते काही केल्या आठवेना. दार उघडलं की नोएल वळायचा, हे खरं. पण दार उघडलं की जिन्यातला उजेड आत येतो, वारा येतो, पाचव्या मजल्याच्या त्या जुन्या लाकडी फळ्या पावलागणिक हलतात. आपण पाहिलं ते लिहिलं, की जे पाहायला हवं होतं ते लिहिलं? सहाव्या महिन्यात तो बा-बा-बा करायचा, अगदी तासन्‌तास. आता कितीतरी आठवड्यांत तसं काही झालं नव्हतं. ती तसं पपांना, म्हणजे अन्सेल्मोंना, म्हणालीही होती, तर पपा म्हणाले, “अगं, मोठा गवई कार्यक्रमाआधी घसा राखून ठेवतो. गुरुवारी रेकॉर्डिंगला बघ.” आणि तिला बरं वाटलं होतं. या बरं वाटण्याचीच तिला आता भीती वाटू लागली.

कारण सगळं सुरू झालं ते चाळिसाव्या दिवसापासून. सिंत्रोनांच्या, म्हणजे पपांच्या घराण्यात मूल चाळीस दिवसांचं झालं की त्याला कोंग्याशेजारी, त्या उंच उभ्या ढोलाशेजारी, निजवतात. पपांच्या बापाने पपांना निजवलं होतं, पपांनी इराइदाला. इराइदा म्हणे त्या दिवशी ढाराढूर झोपली आणि पपांनी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. नोएलला नुसत्या चादरीवर, उघड्या फळ्यांवर ठेवलं. घर माणसांनी भरलेलं, चुलीवर तुरीच्या दाण्यांचा भात. पपा खुर्चीत बसले, कोंगा दोन गुडघ्यांमध्ये धरला, आणि एका हाताने लाकडाच्या अंगावर तो पाच ठोक्यांचा ठेका धरला. आधी तीन, मग दोन. ज्याच्यावर त्यांचं सगळं गाणं उभं असतं, जो चुकला तर अख्खा बँड लंगडतो, तो ठेका. नोएलचे पाय हलायला लागले. पपा थांबले. पाय थांबले. ओठ थरथरले आणि पोराने भोकाड पसरलं. पपांनी पुन्हा सुरू केलं, रडणं बंद, पाय चालू. तेव्हा घरात जो गोंधळ झाला! कुणी पपांना मिठी मारली, कुणी बाटली उघडली, आणि इराइदाचा नवरा नॉर्बेर्तो, हॉटेलच्या भटारखान्यातून रजा काढून आलेला आणि आयुष्यात कधी धड टाळी न वाजवलेला, तोसुद्धा असा फुगला की जणू पाय त्याचेच हलले होते. त्यानंतर रोज. रोज संध्याकाळी पपा नोएलला फळ्यांवर ठेवायचे, रोज पाय हलायचे. आलागेला, चढ्या जिन्याने धापा टाकत आलेला, तोसुद्धा आधी हा चमत्कार बघून मग कॉफी घ्यायचा. या घरातल्या कुणालाही, या रस्त्यावरच्या कुणालाही, या पोराला ऐकू येतं का असा प्रश्न कसा पडावा?

आणि मग ती रेकॉर्ड. किरोस आणि बेनाबे बारा वर्षं एकाच नाचघरात वाजवत होते, एक शुक्रवारी, एक रविवारी, आणि बारा वर्षं एकमेकांचा ट्रम्पेटवाला पळवत होते. पपा चौदा वर्षं किरोसकडे. आता कंपनीने दोघांना एका रेकॉर्डसाठी एका खोलीत आणलं होतं. पियानो एकाचा, ट्रॉम्बोन दुसऱ्याचा, दोन्हीकडचे कोंगेवाले समोरासमोर. पपा तालमीहून आले की नक्कल करून दाखवायचे. वेष्टनावर आधी नाव कुणाचं यावर दीड तास. मग नावं गोलात छापायची ठरली, तर गोल कुठून वाचायचा यावर पाऊण तास. एकाने सुरुवात केली की दुसरा खिडकीशी जाऊन सिगारेट पेटवायचा. एकाच गोष्टीवर दोघांचं ताबडतोब एकमत झालं, आणि ती पपांनी सुचवली होती. रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं नोएलने सुरू करायचं. दोन्ही बँड गप्प उभे राहतील, पोराला माईकपुढे धरायचं, ते हसेल, बडबडेल, आणि त्याच्या पाठोपाठ दोन कोंगे. “दोघांनी एका वेळी मान डोलावली,” पपा सांगत होते, “बेनाबेने तर डोळे पुसले गं. एकदा वाजायला लागली की रेकॉर्ड कुणाची राहत नाही, पोराचा आवाज तेवढा राहील म्हणाला.” गुरुवारी दोन वाजता. पोट भरलेलं हवं, झोप झालेली हवी.

घरी आल्यावर तिने नोएलला पाळण्यात ठेवलं, चुलीवर शिट्टीची किटली चढवली आणि दाराआड उभी राहिली. किटली ओरडली. ती तिने ओरडू दिली. शेजारणीने भिंत ठोकली तरी ओरडू दिली. नोएल पाळण्याच्या गजातून स्वतःची बोटं एकेक करून बाहेर काढत होता. मग तिने किटली उतरवली आणि त्याच्यामागे जाऊन हाक मारायचं ठरवलं. चार पावलं टाकली आणि थांबली. खाली वाकून चपला काढल्या, फळ्या हलू नयेत म्हणून. चपला हातात घेऊन उभी असतानाच तिच्या लक्षात आलं, की हे ज्याला सुचतं त्याला सगळं आधीच माहीत असतं. तरी तिने हाक मारली. हळू, मग मोठ्याने, मग तिला स्वतःला लाज वाटेल अशा आवाजात. नंतर ती तशीच फरशीच्या त्या तुकड्यावर बसली जिथे न्हाणीघर सुरू होतं, आणि गेल्या वर्षीचा वसंत, जो तिने नीट घडी घालून कुठेतरी खालच्या खणात ठेवला होता, तो आपोआप उलगडला.

कॉलेजचं शेवटचं सत्र. लग्न होऊन चार महिने, पोटातलं तिसऱ्या महिन्यात. शिक्षिकेच्या परीक्षेसाठी तिला एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायचं होतं. बाकं अर्धी रिकामी. जी मुलं आली होती त्यांतल्याही काहींच्या मानेवर बारीक लाल ठिपके, आणि ती मुलं तिच्या कमरेला मिठी मारायची, कारण ती त्यांना गाणं शिकवत असे. मग एका सकाळी तिच्या दंडावर तसेच ठिपके. ताप जेमतेम. तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती, आणि पपा दौऱ्यावर, आणि नॉर्बेर्तो उगाच घाबरला असता. तीन दिवसांत ठिपके गेले. कुणाला कळलं नाही. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात त्या ठिपक्यांच्या साथीबद्दल आलं, गरोदर बायकांनी कसं जपायला हवं ते, कोणत्या महिन्यांत ते, आणि पोटातल्या मुलाचं काय काय जाऊ शकतं ते, डोळे, हृदय, कान, अशी ओळीने नावं. तिने ते पान अर्धं वाचलं. मग त्यात कच्च्या केळ्यांची सालं गुंडाळली आणि केराच्या डब्यात टाकून दिली. पुढे बाळ झालं, डोळे टपोरे, हृदय ठणठणीत, आणि चाळिसाव्या दिवशी पाय हलले. पाय हलले तेव्हा सगळ्यांपेक्षा मोठ्याने तीच रडली होती. लोकांना वाटलं, आनंदाने. आनंदानेच.

संध्याकाळी पपा आले ते जिन्यातूनच बोलत. वाजवून सोलू नयेत म्हणून बोटांना पांढऱ्या पट्ट्या, टोपी मागे सरकलेली.

“नेना, पोरी माझी, ऐक आजची गंमत. बेनाबे किरोसला म्हणतो, तुझा पियानो दमेकऱ्यासारखा वाजतो. तर किरोस म्हणतो, तुझ्या ट्रॉम्बोनची वाट बघून बघून दम लागलाय त्याला! मी मध्ये पडलो, म्हटलं, पोर येतंय गुरुवारी, पोरासमोर असं बोलणार का? दोघं गप्प. कुठाय उस्ताद?”

त्यांनी नोएलला उचललं, हवेत झुलवलं, नेहमीच्या जागी चादर अंथरली आणि कोंगा ओढला.

“पपा,” इराइदा म्हणाली, “त्याला पलंगावर ठेवा.”

“पलंगावर कशाला?”

“ठेवा ना. गादीवर. भिंतीकडे तोंड करून.”

“काय गं ही नवी थेरं? पुस्तकात लिहिलंय वाटतं.”

पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ठेवलं. जाड गादी, त्यावर रजई, रजईवर नोएल, पाठमोरा, हातात लाकडी चमचा. पपा हसत खुर्चीत बसले आणि वाजवू लागले. तीन, दोन. तीन, दोन. नोएल चमचा चाटत राहिला. पपांनी हात जड केला. पट्ट्यांची बोटं कातड्यावर अशी पडायला लागली की खिडकीची काच थरथरू लागली, वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्यांनी साथ धरली, खालून कुणी आनंदाने आरोळी ठोकली, “अन्सेल्मो, जिंदाबाद!” पपांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती. इराइदाने आयुष्यभर ते हात ऐकले होते, पण असं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. कुणाची तरी विनवणी करावी तसे ते वाजवत होते. नोएलच्या हातून चमचा घसरला. तो उचलायला तो वळला, आजोबा दिसले, आणि तोंडभर हसला.

पपांनी हात थांबवले. वरच्या टाळ्या क्षणभर एकट्याच चालू राहिल्या, मग त्याही ओशाळून थांबल्या.

“झोप आलीय त्याला,” पपा म्हणाले.

इराइदाने चमचा उचलून नोएलच्या हातात दिला.

“कधीपासून?”

“माहीत नाही, पपा. बहुतेक पहिल्यापासून. तुम्ही वाजवता ते त्याला फळ्यांतून लागतं. पाठीला.”

पपांनी दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले, एखादी घाण लागलेली वस्तू ठेवावी तसे.

“मी केलं हे,” ते म्हणाले.

“काय?”

“रोज. कानाशी. तो तुझ्या पोटात होता तेव्हापासून. तू माझ्याशेजारी बसून भाजी चिरायचीस, आठवतं? आणि मग एवढंसं चाळीस दिवसांचं पोर, त्याला बुडाशी घालून मी… बेनाबेकडे टिंबालचे ढोल वाजवतो ना, तो डाव्या कानाने ठार बहिरा आहे. माझा बाप शेवटी आम्हाला खुणांनी विचारायचा. मोठाल्या माणसांचे कान जातात गं याने, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण लोकांना दाखवायची हौस.”

“पपा, तसं नसतं.”

“तुला काय ठाऊक कसं असतं?”

तिला ठाऊक होतं. वाक्य तयारही होतं, ओळखीचं, पाच-सहा शब्दांचं: मला पुरळ आलं होतं, तिसऱ्या महिन्यात. तेवढं बोललं असतं तर ते उलटे तळवे पुन्हा सुलटे झाले असते. तिने श्वास घेतला. आणि मग तिला दिसलं की यापुढे या घरात प्रत्येक जण नोएलकडे बघून झालं की तिच्याकडे बघेल. नॉर्बेर्तो काही म्हणणार नाही, फक्त लांब बाह्यांच्या पोलक्याकडे बघेल. आणि नोएल मोठा होईल. तोही एक दिवस बघेल. श्वास आला तसा गेला. ती म्हणाली, “हात धुऊन घ्या, भात गार होतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पपांनी किरोसला फोन केला. ती न्हाणीघरात दुपटी पिळत होती आणि पाणी बंद करून ऐकत होती. “हात सुजलाय, लिसांद्रो… नाही, गुरुवारपर्यंत नाही उतरायचा… बेनाबेचा कोंगेवाला आहे ना, तो वाजवेल दोघांचं.” चौदा वर्षांत न्यूमोनियातही न चुकलेला माणूस. किरोसचं ओरडणं रिसीव्हरमधून खोलीभर सांडत होतं. पपा फोन कानापासून दूर न धरता ते सगळं ऐकत उभे होते. “पोर ना? पोराला सर्दी झालीय… हो. घ्या दुसरं कुणाचं तरी. नाहीतर नुसतंच सुरू करा.” फोन ठेवल्यावर त्यांनी कोंगा कपाटामागे सरकवला, आणि तो सरकवताना फळ्यांवरून जो घरघराट झाला त्याने चादरीवरचा नोएल एकदम हसला आणि पाय झाडू लागला. पपांनी तिकडे पाहिलं नाही.

गुरुवारी ती नोएलला डॉक्टरकडे न्यायला निघाली तेव्हा पपा म्हणाले, मीही येतो. रविवारचा कोट, टोपी, दाढी केलेली. इस्पितळात सकाळपासून बाकावर बसावं लागलं. नोएल त्यांच्या मांडीवर होता, त्यांच्या अंगठ्याला दोन्ही मुठींनी लोंबकळत. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजले, सव्वादोन झाले. या क्षणी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन बँड गप्प उभे असतील, किंवा नसतील. पपांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही, म्हणूनच तिला कळत होतं की त्यांना मिनिट न् मिनिट माहीत आहे. आसपास बाकांवर आणखीही बाळं होती, साधारण नोएलएवढीच, आणि त्यांच्या आया एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी नोएलच्या मागे घंटी वाजवली, मग खुळखुळा, मग काट्यासारखं काहीतरी ठोकून कानाशी धरलं. मग खुर्चीत बसून कागद पुढे ओढला. पपांना इंग्रजी दुकानापुरतं येत असे, आणि डॉक्टर भरभर बोलत होते.

“गरोदरपणी काही आजार? विशेषतः पहिल्या तीन-चार महिन्यांत. ताप, अंगावर पुरळ?”

“हो,” इराइदा इंग्रजीत म्हणाली. आवाज स्वच्छ होता, परीक्षेत उत्तर द्यावं तसा. “तिसऱ्या महिन्यात. लाल पुरळ. तीन दिवस.”

“कुणाला दाखवलं होतं?”

“नाही.”

त्यांनी लिहिलं. मान वर केली नाही. “या वर्षी अशी फार मुलं येतात,” ते लिहिता लिहिता म्हणाले, आणि त्यात दोष देण्यासारखं काही नव्हतं, दयासुद्धा नव्हती.

पपा पुढे वाकले. टोपी त्यांनी गुडघ्यावर काढून ठेवली होती. “काय विचारतोय?”

ती त्यांच्याकडे वळली. आता सांगता येईल असं तिला वाटत होतं, एकदा बोलून झालेलं वाक्य पुन्हा बोलायचं, फक्त आपल्या भाषेत. पपांचे डोळे तांबारलेले होते, दाढी करताना हनुवटीला कापलं होतं.

“घरात फार आवाज असायचा का,” ती म्हणाली, “असं विचारतायत.”

पपांनी मान हलवली. याचीच वाट बघत असल्यासारखी.

“सांग त्याला,” ते म्हणाले. “लपवू नकोस, पोराच्या भल्यासाठीच विचारतोय तो. आजोबा वाजवायचे म्हणावं. रोज वाजवायचे. आता नाही वाजवत म्हणावं.”

“काय म्हणतायत ते?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही,” इराइदा इंग्रजीत म्हणाली. “आजोबा आहेत ते बाळाचे.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हाताऱ्याकडे बघून सौजन्याने किंचित हसले. पपांना वाटलं, सांगून झालं. ते नोएलला सावरत खुर्चीतून अर्धवट उठले आणि डॉक्टरांपुढे त्यांनी मान खाली घातली.